चाकाचा ताप

राहात्याला मी ज्या घरात भाड्यानं राहायचे, तिथल्या घरमालकांनी खोली दाखवायच्या आधी माझी स्कूटी तपासली. मी हेल्मेट काढून "नमस्कार काका" म्हणतेय तोवर ते खाली वाकले, उजव्या हाताची पालथी बाजू मागच्या चाकाच्या मध्यावर टेकवली, डोळे मिटून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "कुठून आलात?"

"सोनईहून."

"मध्ये कुठं थांबला नाहीत?"

"नाही."

"मग बरोबर आहे. हिला जरा सावलीत लावा. मग आत या, पाणी प्या."

आधी स्कूटीला सावली, मग मला पाणी, हा क्रम मला तेव्हाच खटकला होता. पण खोली स्वच्छ होती, खिडकीला लागून पेरूचं झाड होतं आणि काकूंनी पाण्याबरोबर बेसनाचा लाडूही आणला. आम्ही शेतकऱ्याघरची माणसं, लाडवापुढे फार ताणून धरत नाही. मी राहिले. कॉलेजातली नोकरी तिथं होती तोवर त्याच खोलीत राहिले.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म कालव्याच्या कडेनं सरकारी जीपमध्ये गेला. उंच, काटकुळे, अर्ध्या बाहीचा शर्ट, आणि खिशात रुमालाऐवजी ग्रीस पुसायचं फडकं. ते फडकं रुमालासारखंच घडी घालून ठेवलेलं असायचं, त्यामुळे चुकून त्यानं तोंडही पुसलं जायचं आणि मग दिवसभर गालावर काळा पट्टा घेऊन ते गावात हिंडायचे. कुणी सांगितलं तर म्हणायचे, "असू दे, दृष्ट लागत नाही."

त्यांची खरी ओळख म्हणजे तो पालथा हात. ते सगळ्या जगाला पालथा हात लावून बघत. चहाच्या किटलीला, कलिंगडाला, माझ्या मोबाईलला, पंपाच्या मोटारीला, एकदा तर घरी आलेल्या पाहुण्याच्या कपाळाला. पाहुणे नुसते उन्हातून आले होते, त्यांना उगाच झोपवलं. "तळहाताचं काही खरं नाही," ते सांगायचे. "तो काम करून करून निबर होतो. पालथ्या हाताला कुणी कामाला लावत नाही, म्हणून तो खरं बोलतो."

या सगळ्याच्या मुळाशी अंगणातला ट्रेलर होता. दोन चाकांवरची पत्र्याची खोली. उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका फॅब्रिकेटरकडून काकांनी ती निवृत्तीनंतर बांधून घेतली होती. स्वतःच्या जुन्या जीपच्या मागं जोडायची आणि न्यायची. आत एक पलंग, गॅसपुरता ओटा, खिडकीला काकूंनी शिवलेले फुलाफुलांचे पडदे आणि कोपऱ्यात, पडद्यामागं, एक कमोड. तो कमोड हेच त्या ट्रेलरचं प्रयोजन होतं. काकूंचे गुडघे गेले होते. त्यांना जिने चढवत नसत, खाली बसवत नसे. शिर्डीला सगळ्या देशातून माणसं येऊन हॉटेलात राहतात आणि शिर्डीपासून हाकेच्या अंतरावर राहणारी ही बाई कुठल्याच परक्या घरी मुक्कामाला जाऊ शकत नव्हती.

आणि त्यांना जायचं होतं एकाच ठिकाणी. संगमनेरपलीकडच्या अकोल्याच्या पुढं, डोंगरात, राजूरला त्यांच्या थोरल्या बहिणीकडं. माई त्यांचं नाव. माईंचं घर चढावर, राहायच्या खोल्या माडीवर, संडास परसात. वर्षातून एखाद्या वेळी काका काकूंना जीपनं सकाळी नेत आणि दिवेलागणीच्या आत परत आणत. एवढ्यात बहिणींचं बोलणं कितीसं होणार? "चहा होतो, जेवण होतं, आणि आमचं खरं बोलणं सुरू होतंय तोवर हे गाडीचा हॉर्न वाजवतात," काकू मला सांगायच्या. माई फोनवर दर वेळी म्हणत, "ये गं एकदा राहायला. मी काय आता फार दिवस बसलेली नाही." ट्रेलर माईंच्या अंगणात उभा करायचा आणि काकूंनी तिथं चांगलं महिना-पंधरा दिवस राहायचं, असा सगळा बेत होता.

मी एकदा शहाणपणानं विचारलं होतं, "काका, त्यापेक्षा माईंच्या घरी खालीच एक कमोड बसवून दिला असता तर?"

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांना गोदावरी उलटी वाहवायला सांगितली. "मेव्हणीच्या घरात जाऊन मी संडास बांधू?" ते म्हणाले. तो विषय तिथंच संपला.

बेत झाला तसा ट्रेलर एकदा निघालाही होता. ते माझ्या येण्याआधीचं, मला काकूंनी सांगितलेलं. डबे भरले, माईंसाठी पेरूची पाटी घेतली, नारळ फोडला आणि दोघं निघाली. संगमनेर ओलांडलं आणि मागून धूर दिसायला लागला. डावं चाक पेटल्यासारखं तापलं होतं. बेअरिंगचे रोलर जळून निळे पडले होते, आणखी थोडं पुढं गेले असते तर चाकच निखळलं असतं. दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. आदल्या दिवशी चाकाचा नट काकांनी स्वतः आवळला होता. बायकोला घेऊन घाटाकडं जायचं म्हणून जास्तच काळजी घेतली होती, पान्याला पाइप लावून सगळा जीव एकवटून आवळला होता. आणि बेअरिंग मेलं ते त्या आवळण्यानंच. ट्रेलर टेम्पोवर घालून परत आला आणि ही दोघं पेरूच्या पाटीसकट एस.टी.नं.

त्यानंतर काकांनी बेअरिंगचा जो ध्यास घेतला, तो मी राहायला गेले तेव्हा चांगलाच मुरला होता. दर उन्हाळ्यात अंगणात वर्तमानपत्रं पसरली जात. ट्रेलर जॅकवर चढे. चाक उतरवून, टोपण उघडून, पिन काढून, नट सोडून आतली बेअरिंगं बाहेर यायची आणि डिझेलमध्ये आंघोळ करायची. मग काका एकेक रोलर बोटाच्या शेंड्यानं चाचपत. कुठं खवला, कुठं बारीकसा खड्डा आहे का ते बघत. त्या वेळी कुणी बोललेलं चालत नसे. काकूंना कुकरची शिट्टीसुद्धा पुढं ढकलावी लागे. मग डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचं, दाबत राहायचं, जोवर ग्रीस रोलरच्या फटींतून शेवयांसारखं वर येत नाही. शेवटी सगळं जागेवर बसवून, चाक फिरवत फिरवत नट आवळायचा आणि मग तो किंचित मागं सोडायचा.

हे सोडणं त्यांना फार महाग पडून कळलेलं होतं, म्हणून ते जिथं तिथं सांगत. "आवळायचं, मग थोडं सोडायचं. ज्याला सोडता येत नाही त्यानं आवळू नये." लोणच्याच्या बरणीचं झाकण लावताना हेच. मी वर्गात मुलं ऐकत नाहीत म्हणून कुरकुरले तेव्हाही हेच. माझ्या लग्नाच्या खटपटीत वडील स्थळांवर स्थळं आणायला लागले, तेव्हा काकांनी माझ्या वडिलांनासुद्धा चहा पाजता पाजता हे ऐकवलं. वडिलांना काही कळलं नाही, पण निवृत्त साहेब बोलतोय म्हणून त्यांनी मान डोलावली. त्या महिन्यात मला स्थळ आलं नाही, तेव्हा मी काकांची ऋणीच आहे.

एवढी निगा राखलेला ट्रेलर जात मात्र कुठंच नव्हता. काका तो जीपला जोडून शिर्डी विमानतळाच्या रस्त्यानं फिरवून आणत. मध्ये थांबून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, पालथा हात लावत, पुन्हा निघत. घरी आल्यावर म्हणत, "डावं किंचित कोमट वाटलं. एकदा उघडून बघतो, मग पुढच्या महिन्यात जाऊ." पुढच्या महिन्यात पाऊस, मग गणपती, मग थंडी माईंना सोसत नाही म्हणून थंडी संपायची वाट. तोवर ट्रेलरमध्ये काकूंनी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, टपावर सांडगे वाळत घातले. सगळी गल्ली त्याला कोठीघरच म्हणायची.

गळिताचा हंगाम सुरू झाला की काकांचं एक वेगळंच दुकान सुरू होई. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. काका सकाळी फिरायला म्हणून तिकडं जात आणि रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक ट्रॉलीच्या हबला हात लावत जात. "याला ताप आहे. ग्रीस कधी भरलं होतंस?" ड्रायव्हर लोक आधी चेष्टा करत. कुणी म्हणे, "काका, मलाबी बघा की, कनकन वाटतीया." काका खरोखर त्याच्या कपाळाला हात लावून "तुला काही नाही, तू नुसता आळशी आहेस" असं सांगत आणि पुढं जात. पण एक-दोघांची चाकं त्यांच्यामुळं वेळेत उघडली गेली, आणि मग काका दिसले की ड्रायव्हर आपणहून चाकाकडं बोट दाखवायला लागले.

त्यांतलाच एक भाऊसाहेब. आमच्याकडं दर चौथ्या माणसाचं नाव भाऊसाहेब असतं, हा त्यांतला ट्रॅक्टरवाला. एका दुपारी तो काकांना मोटारसायकलवर मागं बसवून घरी घेऊन आला. काकांचा उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला. काकू आणि मी ओसरीत शेंगा फोडत बसलो होतो.

"काय झालं?" काकू उठल्या.

"काही नाही गं. जरा भाजलंय," काका म्हणाले आणि आत जायला लागले.

भाऊसाहेब मात्र हलेना. "काकू, जरा न्हाई. माझ्या म्होरच्या ट्रॉलीचं चाक लई तापल्यालं हुतं. वास मारत हुता. काकांनी हात ठिवला आन् ठिवूनच राह्यले. म्हनले, गार हाय. मी म्हनलं, काका हात काढा, तर म्हनत्यात गार हाय रे. मी वढला त्यांचा हात. मंग त्या हबवर पानी टाकलं, तर चर्र झालं."

काका दाराशी थांबले होते. काकूंनी फडकं सोडलं. हाताच्या पालथ्या बाजूला भला मोठा फोड आला होता, वरची कातडी सुटून आली होती. काकूंचा चेहरा पाहून मला रडू आलं. काका त्या हाताकडं असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात असावा.

डॉक्टर म्हणाले, जुनी शुगर आहे, नसा गेल्यात, हातापायाची जाणीव कमी झालीय. ही काही एका दिवसात झालेली गोष्ट नाही, यांना केव्हापासून ठाऊक असणार. साखरेच्या मुलखात शुगरचं कुणाला नवल नसतं. आमच्याकडं ती प्रत्येक घरात जावयासारखी पाहुणचार घेत असते.

घरी आल्यावर काकूंनी आधी त्यांना पलंगावर बसवलं. औषध लावून झालं, पट्टी बांधून झाली. मी उठून वर जायला निघाले तर काकूंनी हातानंच मला बसवलं. मग म्हणाल्या, "म्हणून का? दर वेळी पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात, ते म्हणून का?"

काकांनी मान खाली घातली. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "रोलर चाचपतो तर बोटाला सगळे गुळगुळीतच लागतात," ते म्हणाले. "खवला असला तरी गुळगुळीत, नसला तरी गुळगुळीत. हब गार की गरम मला कळत नाही. डावं कोमट आहे म्हणत होतो, ते असंच. काहीतरी म्हणायचं म्हणून. तुला मागं बसवून मी घाटाकडं नेणार, आणि माझ्या हाताला काही कळत नाही. एकदा धूर निघाला तो मी पाहिलाय."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू दे, नको जायला." ते पट्टीकडं बघत म्हणाले. "आणि तू तसं म्हणणं मला नको होतं."

काकू त्यांना बोलतील असं मला वाटलं होतं. मी असते तर बोलले असते, आमच्याकडं एवढ्यावर भांडी आपटली असती. काकूंनी नुसतं विचारलं, "दुसऱ्या कुणाचा हात चालेल का?"

त्यावर काकांनी जी परीक्षा घेतली, ती फक्त तेच घेऊ जाणे. दुसऱ्या दिवशी ओसरीवर स्टीलचे पेले ओळीनं मांडले, एकात गार पाणी, मग कोमट, मग गरम, शेवटच्यात नुकतंच उकळलेलं. आधी काकू. काकूंनी सगळ्या पेल्यांना हात लावला आणि शेवटचा तर सहज उचलून धरला. "हा जरा कोमट आहे," त्या म्हणाल्या. तव्यावरची भाकरी जन्मभर हातानं उलटणारी बाई ती, तिच्या हाताला विस्तव म्हणजे घरचाच माणूस. मग मी. तिसऱ्याच पेल्याला मी हात लावला आणि "आई गं" म्हणून मागं घेतला. काकांचा चेहरा उजळला.

"बाई, तुम्ही फार नाजूक आहात. तुम्हीच चला."

नाजूक म्हणून माझी निवड होण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची वेळ. सोनईला सांगितलं तर आई हसून हसून दमली. मी काकांना म्हटलं, कपाळाला लांबूनच धरायचं ताप बघायचं यंत्र कॉलेजात पडून आहे, ते आणते. ते म्हणाले, "त्यात आकडा दिसतो. चाक काय म्हणतंय ते दिसत नाही."

हंगाम संपल्यावर भाऊसाहेब मोकळा झाला. जीप त्यानं चालवायची ठरलं, कारण पायाचीही जाणीव गेली आहे हे काकांनी आता आपणहून कबूल केलं. बेअरिंगं त्या वर्षी मी भरली. काका शेजारी स्टुलावर बसून सांगत होते आणि मी तळहातावर ग्रीस घेऊन दाबत होते. उजव्या चाकाच्या आतल्या बेअरिंगवर माझ्या बोटाला खरंच एक खवला लागला. मी सांगितल्यावर ते म्हणाले, "नक्की?" मी पुन्हा चाचपलं, नक्की होता. तो खवला त्यांच्या बोटाखालून गेल्या उन्हाळ्यात गेला होता की नव्हता, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. नवं बेअरिंग आणलं.

मग आम्ही निघालो. लोणीला थांबलो, संगमनेरच्या अलीकडं थांबलो, पलीकडं थांबलो. दर वेळी मी उतरून दोन्ही हबना पालथा हात लावायची आणि काका खिडकीतून माझ्या हाताकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत. "कोमट," मी म्हणायची. "दोन्ही सारखे?" "दोन्ही सारखे." मग ते भाऊसाहेबाला निघायची खूण करत. अकोल्याच्या पुढं रस्ता चढायला लागला तसे ते मागच्या ट्रेलरकडं वळून वळून बघायला लागले. काकू पुढं बसून डबा उघडून सगळ्यांना वड्या वाटत होत्या. त्यांना चाकांची काही काळजी उरलेली दिसत नव्हती.

माई अंगणातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. पांढऱ्या धोप केसांची, काठीएवढी बाई. दोघी बहिणी एकमेकींना भेटल्या आणि आधी भांडल्या, तू किती वाळलीस म्हणून. मग माईंना भाऊसाहेबानं आणि मी धरून ट्रेलरमध्ये चढवलं. त्यांनी पलंग दाबून बघितला, पडदे बघितले, कोपऱ्यातला पडदा सारून कमोड बघितला आणि म्हणाल्या, "राणीचा थाट आहे गं तुझा." दुपारभर त्या दोघी आतून दार लावून बोलत होत्या. हसण्याचे आवाज येत होते. काका बाहेर आंब्याखाली बसले होते. हॉर्न वाजवायची घाई कुणाला नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर काका आणि भाऊसाहेब ट्रेलर जॅकवर चढवत होते. मला वाटलं, झालं यांचं सुरू, आता इथंही बेअरिंग उघडणार. पण त्यांनी चाकं काढून जीपमध्ये ठेवली, हब ग्रीसच्या फडक्यात बांधले आणि खाली विटा रचायला घेतल्या. एकावर एक, पाण्याची बाटली आडवी धरून पातळी बघत. ट्रेलर हळूच विटांवर बसला.

काकू दारात आल्या. "अहो, हे काय? चाकं काढलीत तर परत कसं न्यायचं?"

"न्यायचं नाही," काका म्हणाले. "ही तुझी इथली खोली. हवं तेवढं राहा, हवं तेव्हा ये."

"माईला विचारलंत?"

"विटा त्यांनीच दिल्या."

"आणि तुम्ही?"

"मी येत जाईन. एस.टी.नं."

काकू दाराला धरून एकेक पायरी खाली उतरल्या, काकांजवळ आल्या आणि त्यांचा ग्रीसनं माखलेला हात पदरात घेऊन पुसायला लागल्या. पदर खराब होईल, असं काका म्हणत होते. होऊ दे, असं त्या म्हणत होत्या. भाऊसाहेब उगाच जीपचं बॉनेट उघडून आत बघायला लागला. हात पुसून झाला तरी काकूंनी सोडला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून त्यांनी विचारलं, "कळतंय का काही?"

"नाही," काका म्हणाले. "पण बघतोय ना."